बेरीज कधी पुरते? प्रा. वसंत हुजूरबाजारांच्या कामाविषयी

मंडळी, विषय संख्याशास्त्राचा आहे, पण आपण मालवणात बसलोय, तेव्हा घोळ माशापासूनच सुरुवात करू. समजा, एका होडीला कधी एक घोळ मिळाला, कधी दोन, बरेच दिवस एकही नाही. महिन्याअखेर वहीत तीस आकडे झाले, बेरीज आली सात. आता घोळ मिळण्याचा मूळचा दर काय, याचा अंदाज बांधायचाय. त्यासाठी तीसही आकडे हवेत, की सात पुरे?

दर महिनाभर तोच राहिला, एका दिवसाचा दुसऱ्यावर परिणाम नाही आणि रोजचे आकडे पॉयसाँच्या नियमाने येतात, एवढं धरलं तर सात पुरे. कारण ते सात मासे कोणत्या दिवसांच्या वाट्याला आले, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरतं. दर मोठा असो की लहान, चिठ्ठ्या त्याच. म्हणजे तारखांमधून दराबद्दल जास्तीचं काहीच कळत नाही. याला म्हणायचं पर्याप्तता. कल्पना फिशर यांची, 1922 सालची.

वसंत शंकर हुजूरबाजारांचं बरंचसं संशोधन याच कल्पनेभोवती आहे. जन्म 1919, कोल्हापूरचा. केंब्रिजला त्यांचे गुरू हॅरॉल्ड जेफ्रीज. गंमत बघा, जेफ्रीज आणि फिशर यांचा संभाव्यतेच्या अर्थावरून जाहीर वाद झालेला. शिष्याने मात्र दोघांकडचंही घेतलं. फिशर यांच्या पद्धतीत अंदाज काढायला एक समीकरण सोडवावं लागतं. त्याची उत्तरं अनेक निघाली तर खरं कोणतं? नमुना वाढत जाईल तसं खऱ्या किमतीकडे जाणारं उत्तर एकच असतं, हे हुजूरबाजारांनी 1948 मध्ये काही अटींखाली सिद्ध केलं. पुढे पुणे विद्यापीठात 1953 पासून त्यांनी गणित व संख्याशास्त्र विभाग उभा केला. 1974 साली पद्मभूषण मिळालं. आमच्या मते विभागाचं काम पुरस्काराहून मोठं. अखेरची वर्षं अमेरिकेत, कोलोरॅडोत गेली.

आता वहीकडे परत येऊ. ‘घोळ कमी होत चाललाय का?’ असा प्रश्न आला, की दर तोच राहिला हे गृहीतच गेलं. मग तारखा लागतात, आणि नुसती बेरीज ठेवून वही फेकली असेल तर त्या कुठून आणणार? बांगड्याचं तर आणखी वेगळं. तो थव्याने येतो; एका दिवशी होडी भरते, पुढचे आठ दिवस जाळं रिकामं. तिथे पॉयसाँचा नियम मुळातच बसत नाही, आणि महिन्याच्या बेरजेत ते आठ दिवस दिसतसुद्धा नाहीत.