गाडी समजून घेताना (लेखांक ९) : नवा पट्टाही का चिरचिरतो?

सकाळी इंजिन सुरू केले की बॉनेटखालून चिर्र असा आवाज येतो. गॅरेजमध्ये ‘फॅन बेल्ट’ बदलला जातो, आवाज थांबतो आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा सुरू होतो. मग संशय पट्ट्याच्या दर्जावर जातो, दुसऱ्या कंपनीचा पट्टा बसतो आणि हेच चक्र पुन्हा फिरते. आज याच हट्टी आवाजाचा विचार करायचा आहे. माझे म्हणणे असे की, पट्टा बदलूनही परत येणाऱ्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा पट्ट्यात नसते. आवाज पट्ट्यातून निघतो एवढेच. त्याला ओरडायला लावणारा दोष एखाद्या पुलीत, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये किंवा गळणाऱ्या सीलमध्ये दडलेला असतो. तो न शोधता पट्टा बदलला, तर दोष जागेवरच राहतो आणि त्याच्या खुणा जुन्या पट्ट्याबरोबर भंगारात जातात.

आधी पट्ट्याची ओळख. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रेडिएटरमागचा पंखा याच पट्ट्यावर फिरे, म्हणून त्याला फॅन बेल्ट म्हणू लागले. आज बहुतेक मोटारींत तो पंखा विजेच्या मोटरवर चालतो, तरी नाव टिकून आहे. जुना पट्टा ‘व्ही’ आकाराचा, एकाच खोल खाचेत बसणारा होता. आताचा पट्टा चपटा, रुंद आणि आतल्या बाजूने शेतातल्या सरी-वरंब्यांसारखा असतो. त्यावर ६पीके१७५० असे काही छापलेले असते. म्हणजे सहा वरंबे आणि १७५० मिलिमीटर लांबी. दोन वरंब्यांमधले अंतर जेमतेम साडेतीन मिलिमीटर. इंजिनाच्या क्रँकवरची पुली या पट्ट्याला ओढते आणि पट्टा ऑल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि काहींत पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. हे काम हलके नाही. १४ व्होल्टवर १०० अँपिअर देणारा ऑल्टरनेटर १४०० वॅट वीज देतो, आणि त्याच्यातले नुकसान धरले तर पट्ट्याकडून तीन हॉर्सपॉवरच्या आसपास शक्ती घेतो. तीही जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर व्यासाच्या पुलीवरून. सगळ्यांत लहान पुली, तिच्यावर भार मोठा. म्हणून घसरण्याची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते.

पट्टा आवाज का करतो, हे व्हायोलिनच्या गजावरून चटकन कळते. राळ लावलेला गज तारेला चिकटून तिला ओढतो, ताण वाढला की तार सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडले की स्वर उमटतो. रबराचे धातूवर असेच होते, कारण स्थिर असताना रबराची पकड जास्त असते आणि घसरू लागताच ती कमी होते. तेव्हा खरा प्रश्न असा, की जिथे घट्ट धरून राहायचे तिथे पट्टा घसरतोच का? याचे गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकातच मांडले. पट्ट्याची पकड तीन गोष्टींवर ठरते : सैल बाजूला उरलेला ताण, घर्षण आणि पुलीभोवतीचा विळखा. यातले घर्षण आणि विळखा बेरजेने नव्हे, घाताने काम करतात. समजा पुलीला अर्धा फेर विळखा असताना पट्टा न घसरता ताणलेल्या बाजूला सैल बाजूच्या १६ पट ओढ पेलू शकतो. विळखा निम्म्यावर, म्हणजे पाव फेरावर आला, तर ती मर्यादा ८ पट होत नाही. थेट ४ पटींवर येते. तेलाच्या ओघळाने घर्षण निम्मे झाले, तरी उत्तर तेच, ४ पट. बारीकशी गळती किंवा थोडासा दमलेला टेन्शनर एवढा मोठा गोंधळ का घालतो, ते या आकड्यांतून दिसते.

पण घसरणेही एका प्रकारचे नसते, आणि तपासणीची दिशा इथेच ठरते. एक आवाज लांब, सलग, किंकाळीसारखा असतो. इंजिन सुरू होताच, एसी लावताच किंवा एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर तो येतो. स्टार्टरने बॅटरीतून काढलेली वीज भरून काढायला ऑल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो, म्हणून सकाळी तो हमखास ऐकू येतो. भार वाढला की येणारा हा आवाज अपुऱ्या ताणाचा किंवा तेलकट पट्ट्याचा. दुसरा आवाज चिमणीच्या चिवचिवाटासारखा, तुटक आणि ठेक्यातला. इंजिन संथ चालू असताना तो ठळक असतो, वेग वाढला की ठेका जलद होतो किंवा तो इतर आवाजांत बुडून जातो. ही चिवचिव बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याची खूण असते. पट्टा वाकडा येऊन पुलीच्या सरीत शिरतो तेव्हा प्रत्येक वरंबा सरीच्या भिंतीला घासत आत उतरतो आणि तिथेच चिकटण्या-सुटण्याचा खेळ सुरू होतो. दोन पुल्यांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल, तर एक अंशाचा तिरपेपणा म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा फरक, जवळजवळ एक अख्खी सरी. टेन्शनरच्या सांध्यातली झीज, पट्ट्याला नुसती वाट दाखवणाऱ्या आयडलर पुलीच्या बेअरिंगमधली ढिलाई, ऑल्टरनेटर काढून बसवताना राहिलेला वॉशर, एवढ्याने तो पडू शकतो. क्रँकची पुलीही निर्दोष धरू नये. ती पुष्कळदा दोन भागांची असते आणि मध्ये रबराचे कडे असते. ते रबर म्हातारे झाले की बाहेरचा भाग सरकतो किंवा डगमगू लागतो.

नवा पट्टा महिनाभर गप्प का राहतो, याचेही उत्तर यात आहे. नव्या पट्ट्याच्या वरंब्यांच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. वाकडी पुली त्यांची एकच बाजू रोज घासते. ती बाजू चकचकीत होते, कडेचे धागे सुटतात आणि मग चिवचिव सुरू होते. म्हणजे गप्प राहिलेला तो महिना दोष गेल्याचा पुरावा नाही. नवा पट्टा खराब व्हायला लागलेला तो वेळ आहे.

या दोन आवाजांत कानाने फरक करता येत नसेल, तर साध्या पाण्याची परीक्षा आहे. इंजिन संथ चालू असताना लहान फवाऱ्याने पट्ट्याच्या वरंब्यांच्या बाजूवर थोडे पाणी मारायचे. ऑल्टरनेटरवर पाणी जाऊ द्यायचे नाही. पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि हात पट्ट्यापासून लांब ठेवायचे, आणि विजेचा पंखा न सांगता सुरू होतो हेही लक्षात ठेवायचे. आवाज काही क्षण थांबला आणि पट्टा वाळताच परत आला, तर पुल्यांची रेष बघा : सरीत शिरताना होणारे घासणे पाण्याने तेवढ्यापुरते मऊ झाले. पाणी पडताच आवाज वाढला, तर ताण बघा : पकड आधीच तोकडी होती, पाण्याने ती आणखी कमी केली. आणि काहीच फरक पडला नाही, तर पट्ट्याला सोडा आणि बेअरिंगकडे वळा. बेअरिंगची घरघर पाण्याला दाद देत नाही. तिचा माग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवून मुठीकडून ऐकले तरी लागतो. इंजिन बंद करून पट्टा काढायचा आणि एकेक पुली हाताने फिरवायची, हलवून बघायची, हे त्याहून चांगले.

एक हिशेब मला विशेष उपयोगी वाटतो. संथ चालताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते आणि क्रँकची पुली १४ सेंटिमीटर व्यासाची आहे असे धरा. मग पट्टा सेकंदाला सुमारे पावणेसहा मीटर धावतो, आणि पावणेदोन मीटरचा पट्टा सेकंदाला तीन-साडेतीन वेळा आपला फेरा पूर्ण करतो. क्रँकची पुली त्याच सेकंदात १३ वेळा फिरते, ऑल्टरनेटरची तीसपेक्षा जास्त. म्हणून सेकंदाला तीन-चार ठोके मोजता येत असतील, तर दोष पट्ट्यावरच एका जागी आहे : तुटलेला वरंबा किंवा सरीत रुतलेला खडा. ठोके मोजता येण्याच्या पलीकडे जलद असतील, तर पुलीकडे बघावे.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की, पट्टा झिजणारीच वस्तू आहे, तुलनेने स्वस्त आहे. तासभर शोधाशोध करण्यापेक्षा तोच आधी बदलावा. पट्टा जुना असेल, वरंबे झिजले असतील, तर हे योग्यच आहे. पण इथे प्रश्न बदलूनही परत आलेल्या आवाजाचा आहे. एकदा नवा पट्टा बसवून आवाज परत आला, की ‘पट्टा जुना होता’ हा तर्क संपला. दुसऱ्यांदा तेच करणे म्हणजे खोटे ठरलेले उत्तर पुन्हा लिहिणे. दुसरा आक्षेप : स्प्रे मारला किंवा साबणाची वडी घासली की आवाज थांबतो, मग अडचण काय? थांबतो, पण पाण्यानेही थांबतो, आणि त्याला उपाय कुणी म्हणत नाही. चिकट स्प्रेवर धूळ बसते, आणि पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरचा चिखलही. शिवाय त्या थराखाली पाण्याची परीक्षाही विश्वासार्ह राहत नाही. तिसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा असतो : पट्टा घट्ट केला की काम होते. जुन्या गाड्यांत, जिथे ताण हाताने द्यायचा असे, तिथे पट्टा अंगठ्याने दाबून बघणे ही खरी विद्या होती. पण रेष चुकलेली असेल, तर जादा ताणाने आवाज तात्पुरता दबतो आणि तो भार ऑल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो. आजच्या बहुतेक गाड्यांत ताण स्प्रिंगचा टेन्शनर देतो, तो हाताने वाढवताही येत नाही. त्याची भुजा इंजिन चालू असताना जवळजवळ स्थिर हवी. ती फडफडत असेल तर टेन्शनर दमला आहे, किंवा ऑल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असेल तर तो अडकला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. पट्ट्यातून येणारे त्यांचे धक्के ऑल्टरनेटरपर्यंत पोहोचू नयेत यासाठीच तो क्लच असतो.

न्यायाने पट्ट्याची बाजूही सांगायला हवी. कधी दोष खरोखर त्याचाच असतो : लांबी चुकीची, बनावट माल, किंवा कुलंटने भिजलेला पट्टा. कुलंट सांडलेला पट्टा बदललाच पाहिजे, पण वॉटर पंपाची गळती थांबवल्यानंतर. आणि नुसते डोळ्यांनी बघून पट्टा पास करू नये. पूर्वीच्या निओप्रिन पट्ट्यांना म्हातारपणी भेगा पडत. आताचे ईपीडीएम रबर सहसा भेगाळत नाही. ते टायरसारखे झिजत जाते, सऱ्या खोल होतात, आणि ते कळायला झीज मोजण्याची छोटी पट्टी लागते. दमट सकाळी दोन-चार सेकंद येऊन जाणारा आवाज मात्र मी दोष मानत नाही. कोकणात नि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने पुल्यांवर दव धरतेच.

हा पट्टा तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, आणि वॉटर पंप त्याच्यावर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापते. म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये उतरवलेला पट्टा मागून घ्या, उजेडात धरा आणि मिस्त्रींबरोबर बघा : कोणती कड उसवली आहे, वरंब्यांची कोणती बाजू चमकते आहे, कुठे तेल आहे. नवा पट्टा चढवण्याआधी प्रत्येक पुली हाताने फिरवून बघण्याची विनंती करा. पुढच्या आठवड्यात टायमिंग बेल्ट घेऊ. तो दातेरी असल्याने असा घसरून किंचाळत नाही, म्हणून त्याची मुदत आवाजावरून नव्हे, किलोमीटर आणि वर्षे मोजूनच पाळावी लागते.