टीएलबी फ्लश लांबणीवर टाकणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रोग्रॅम वापरतो तो मेमरीचा पत्ता आभासी असतो. त्यामागचा रॅममधला खरा पत्ता शोधायला प्रोसेसरला पेज टेबलच्या चार पातळ्या, नव्या इंटेल सर्व्हरवर कधी पाचही, उतराव्या लागतात. हा शोध दरवेळी घ्यावा लागू नये म्हणून एकदा मिळालेले उत्तर ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर, म्हणजे टीएलबी, या साठ्यात ठेवले जाते. साठा अगदी लहान असतो. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी मावतात. ४ किलोबाइटच्या पेजच्या हिशेबाने ही जेमतेम ६ मेगाबाइट मेमरी झाली. कर्नलने पेज टेबल बदलले की इथली जुनी नोंद खोटी ठरते. ती पुसणे म्हणजे फ्लश. कर्नल हे काम पुष्कळदा लगेच करत नाही, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज चटकन दूर होण्यासारखा आहे: फ्लशमुळे कॅशमधला डेटा जातो. तसे होत नाही. पुसली जातात ती फक्त पत्त्यांची भाषांतरे.

नोंदी जुळत्या ठेवण्याचे काम हार्डवेअर आपोआप करते, हा समज अधिक खोलवर रुजलेला आहे. डेटा कॅशच्या बाबतीत ते खरे आहे, टीएलबीच्या बाबतीत नाही. एक्स८६ प्रोसेसरवर एका कोअरने दुसऱ्याच्या टीएलबीतली नोंद पुसायची, तर सहसा त्याला इंटरप्ट पाठवावा लागतो आणि काम झाल्याची पोच येईपर्यंत थांबावे लागते. याला शूटडाउन म्हणतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या माख कर्नलच्या संशोधकांनी १९८९ मध्येच या पद्धतीवर निबंध लिहिला होता. खरा खर्च पुसण्याचा नसून या थांबण्याचा आहे, आणि कोअर वाढतील तसा तो वाढतो. सोलापुरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक्स८६ प्रोसेसरचा लिनक्स संगणक असेल, तर त्यावरही हे पाहता येते: ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये टीएलबी शूटडाउनची कोअरवार मोजणी असते.

आर्म प्रोसेसरवर एकच सूचना सगळ्या कोअरना पोहोचते, इंटरप्ट लागत नाही. म्हणून तिथे फ्लश पुढे ढकलण्याची गरजच नाही, असे मानले जाते. पण सूचना पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत तिथेही थांबावे लागतेच. २०२३ मध्ये लिनक्सने आर्मसाठी नेमके हे थांबणे एकत्र करून शेवटी ढकलले.

सर्वांत घातक समज असा, की लांबणीवर टाकणे म्हणजे टाळणे. नियम कडक आहे: जुन्या नोंदीमुळे जिला धोका आहे, ती गोष्ट फ्लश होईपर्यंत दुसऱ्या कामाला लावायची नाही. एखाद्या प्रोग्रॅमने मेमरीचा मोठा तुकडा परत केला, तर कर्नल आधी पेज टेबलमधल्या नोंदी काढतो, अनेक पेज जमवतो, एकत्र फ्लश करतो आणि मगच ती पेज मोकळी सोडतो. २०१५ मध्ये मेल गॉर्मन यांनी लिनक्स ४.३ मध्ये मेमरी टंचाईच्या वेळच्या पेजवसुलीलाही हीच गठ्ठा-पद्धत लावली. त्यात बदल झालेल्या पेजसाठी खास काळजी आहे. त्यांचे डिस्कवर लेखन सुरू होण्याआधी फ्लश झालाच पाहिजे. नाहीतर जुन्या नोंदीच्या आधारे मागाहून केलेला बदल हरवून जाईल.

कर्नलच्या स्वतःच्या व्हीमॅलॉक मेमरीत हिशेब उलटा आहे. २००८ मध्ये निक पिगिन यांनी केलेल्या फेररचनेनुसार पेज लगेच मोकळी होतात, राखून ठेवला जातो तो पत्ता. असे पत्ते साचत जातात, आठ कोअरच्या यंत्रावर सुमारे १२८ मेगाबाइटपर्यंत, आणि मग एकाच फ्लशमध्ये निकालात निघतात. सोडून दिलेल्या पत्त्याला कर्नलचा कोड हात लावणार नाही, हा भरवसा इथे गृहीत आहे. सामान्य प्रोग्रॅमवर असा भरवसा ठेवता येत नाही.

मधला काळ क्षणभराचा, त्यात काय बिघडणार, असेही म्हटले जाते. २०१८ मध्ये गुगलच्या यान हॉर्न यांनी दाखवलेली त्रुटी त्याला पुरेसे उत्तर आहे. मेमरी हलवणारा एमरीमॅप हा सिस्टिम कॉल पेज टेबलचे कुलूप सोडल्यावर फ्लश करत होता. तेवढ्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फाइल छाटली, तर मोकळे होऊन दुसऱ्याच्या हाती गेलेले पेज जुन्या नोंदीतून वापरता येत होते. उपकरणांच्या पत्त्यांचे भाषांतर करणाऱ्या आयओएमएमयूच्या शिथिल पद्धतीत तर लिनक्स सुमारे १० मिलिसेकंदांपर्यंत फ्लश अडवून ठेवतो. बाहेरून जोडलेल्या अविश्वासू उपकरणाला ही सवलत मिळत नाही.

प्रोसेस बदलली की सगळा टीएलबी रिकामा होतो, ही पाठ्यपुस्तकी समजूतही जुनी झाली. २०१७ च्या लिनक्स ४.१४ पासून इंटेल प्रोसेसरवर नोंदींना ओळख-क्रमांक दिला जातो आणि त्या टिकतात. प्रत्येक पत्ता-अवकाशाला पिढी-क्रमांकही असतो. कोअर त्या अवकाशात परतला की क्रमांक ताडून पाहतो आणि मागे पडला असेल तरच फ्लश करतो. मधल्या काळात त्याला इंटरप्ट द्यावा लागत नाही.

मात्र गठ्ठा जितका मोठा तितका वेग जास्त, असे समीकरण मांडता येत नाही. एक्स८६ वर साधारण ३३ पेजपर्यंत लिनक्स एकेक नोंद पुसतो, त्यापुढे सगळाच टीएलबी रिकामा करतो. पेजवसुलीच्या गठ्ठ्यातही तसेच होते. मग सतत लागणाऱ्या नोंदीही जातात आणि त्या पुन्हा भरण्याचा खर्च चालू प्रोग्रॅमच्या माथी पडतो. वाचलेले इंटरप्ट त्याहून मोलाचे ठरतात की नाही, हे त्या प्रोग्रॅमच्या मेमरी वापरावर अवलंबून असते.