नामोल्लेखाचें ऋण

चित्रकथांकडे सुशिक्षित घरांत बहुधा मुलांची करमणूक म्हणूनच पाहिलें जातें. तथापि त्या कागदी वीरांमागेंही माणसांचे श्रम असतात, आणि त्या श्रमांचें श्रेय कोणास मिळावें, हा प्रश्न थोरांनींही विचारांत घ्यावा असाच आहे. म्हणून ‘बॅटमॅन’ या अमेरिकन चित्रवीराची जन्मकथा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९३९ सालीं बॉब केन या तरुण चित्रकारानें वटवाघळाच्या नांवाचा एक वीर कल्पिला. त्याचें पहिलें रेखाटन आजच्या वाचकांस ओळखूंही येणार नाहीं: अंगांत तांबडा पोशाख, डोळ्यांवर लहानशी पट्टी आणि पाठीस दोन ताठ पंख! केननें तें आपला लेखकमित्र बिल फिंगर यास दाखविलें. फिंगरनें पट्टीच्या जागीं टोकदार कानांचें शिरस्त्राण सुचविलें. पंखांऐवजीं उपरण्यासारखें लहरणारें वस्त्र, तांबड्याऐवजीं करडा रंग आणि हातांत मोजे सुचविले. डोळ्यांतील बुबुळेंही काढावयास लाविलीं. नायकाचें ‘ब्रूस वेन’ हें नांव त्याचेंच, आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या २७ व्या अंकांतील पहिली कथाही त्यानेंच लिहिली.

असें असतां निर्माता म्हणून नांव छापलें गेलें तें एकट्या केनचें. प्रकाशकांशीं व्यवहार केननें केला होता. फिंगर त्याच्याकडून मोबदला घेऊन लिहीत असे. १९७४ सालीं फिंगर वारला, तोंवर त्या कथांवर निर्माता म्हणून त्याचा उल्लेख झाला नव्हता. पुढें १९८९ च्या आत्मचरित्रांत केननें त्याच्या सूचनांची कबुली दिली. परंतु छापील श्रेयाची ओळ बदलली नाहीं. अखेर फिंगरची नात व त्याचा चरित्रकार यांच्या प्रयत्नांस यश येऊन २०१५ सालीं केनच्या नांवापुढें ‘बिल फिंगर यांच्यासह’ हे शब्द आले. पहिल्या कथेस तेव्हां शहात्तर वर्षें होऊन गेलीं होतीं.

दरम्यान त्या वीराचा पोशाख पुष्कळदां बदलला. १९६४ सालीं छातीवरील चिन्हाभोवतीं पिवळें लंबवर्तुळ आलें व कालांतरानें गेलें. फिंगरनें सुचविलेले कान व तें लहरतें वस्त्र मात्र टिकलें. ज्याच्या सूचना इतक्या टिकाऊ ठरल्या, त्यास स्वतःचें नांव छापलेलें पाहावयास मिळूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

मुलांच्या हातीं असें पुस्तक दिसल्यास वडील मंडळींनीं तें हिरावून घेऊं नये; त्यांतील नांवांची ओळ त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.