बाहेर पातळ, आत घट्ट

ओळखा पाहू: बाटलीत असताना पातळ, अंगात शिरलं की घट्ट, आणि काम संपलं की बेपत्ता!

बर्फ म्हणाल, तर चूक. तो ऊब लागली की वितळतो. आपल्याला हवाय तो ऊब लागल्यावर घट्ट होणारा पदार्थ. खरवस आठवतोय? चिकाच्या दुधात गूळ-वेलची घालून भांडं वाफेवर ठेवलं, की थोड्या वेळात पातळ दुधाची थुलथुलीत वडी होते. आपलं उत्तर त्याच जातीचं आहे. फक्त याला वाफ लागत नाही, आपल्या अंगाची ३७ अंश सेल्सिअसची ऊब पुरते. आणि हे खायचं नसतं. हृदयात टोचायचं असतं!

हृदयात कशाला?

असं बघा, गुडघा खरचटला की खपली धरते, खपली पडली की खाली नवी गुलाबी कातडी तयार. हृदयाचं तसं नाही. ते दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडतं, पण स्वतःची डागडुजी करायची म्हटलं की भलतंच आळशी. हार्ट अटॅक येतो तेव्हा हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते. तिथल्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो आणि त्या मरतात. त्यांच्या जागी नव्या पेशी जवळजवळ येतच नाहीत. येतो तो एक निबर व्रण. व्रणामुळे हृदयाला भोक पडत नाही हे खरं, पण तो आकुंचन पावत नाही. मग त्याच्या वाट्याचं काम उरलेल्या स्नायूला करावं लागतं. असं जास्तीचं राबून राबून हृदय ताणलं जातं, पसरट होतं, थकतं.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅरेन क्रिस्टमन नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी पेशींकडे बघण्याआधी पेशींच्या राहत्या जागेकडे पाहिलं. आपल्या प्रत्येक अवयवात पेशी एका बारीक जाळ्यात बसलेल्या असतात. कोलॅजेन आणि इतर प्रथिनांचं हे जाळं पेशींनीच विणलेलं असतं. पेशींना चिकटायला जागा, सरकायला वाट आणि 'इथे वाढा' असे रासायनिक निरोप, सगळं त्यातच मिळतं. हृदयाच्या मार खाल्लेल्या भागात हे जाळंच बिघडलेलं असतं. मग तिथे नवं जाळं नेऊन दिलं तर?

पण जाळं आणायचं कुठून? डुकराच्या हृदयातून! किळस वाटत असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. (आता तर तुम्ही तो नक्की वाचणार.)

डुकराच्या हृदयाचा स्नायू घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ते साबणासारख्या एका द्रावणात घालून चार-पाच दिवस ढवळत ठेवायचे. या द्रावणातलं रसायन म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. घरातल्या शाम्पूच्या किंवा टूथपेस्टच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत हेच नाव सापडतं का, शोधून बघा; फेस आणणारा पुष्कळदा तोच असतो. हे रसायन पेशी फोडून विरघळवतं. लालभडक तुकडे हळूहळू फिकट होत जातात आणि शेवटी पांढरेफटक पडतात. पेशी सगळ्या धुऊन गेल्या, उरलं ते नुसतं जाळं. ते भरपूर पाण्यानं खळखळून धुवायचं, गोठवून सुकवायचं, दळून त्याची पूड करायची. मग त्या पुडीत आम्ल आणि पेप्सिन घालायचं. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात प्रथिनं पचवणारं विकर. थोडक्यात, जाळं अर्धवट पचवायचं! पूर्ण पचलं तर सगळंच मुसळ केरात. अर्धवट पचलं की त्याचं पातळ द्रावण होतं. शेवटी आम्ल मारून टाकलं की औषध तयार. त्याचं नाव व्हेंट्रिजेल.

डुकराची वस्तू माणसाच्या अंगाला चालते कशी? आपलं शरीर परक्या पेशी आणि त्यांच्यातला डीएनए बरोबर ओळखतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. इथे पेशीच धुऊन टाकल्यात, म्हणून भांडण फारसं पेटत नाही. जाळ्यातली प्रथिनं डुकरात आणि माणसात बरीच सारखी असतात.

आता सुईची गोष्ट. डॉक्टर छाती उघडत नाहीत. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक लांब, बारीक नळी सरकवत थेट धडधडत्या हृदयात नेतात. नळीच्या टोकाला सुई असते. ती हृदयाच्या आतल्या भिंतीत जागोजागी टोचून थेंब-थेंब व्हेंट्रिजेल सोडायचं. ऊब लागली की द्रावणातले कोलॅजेनचे तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांचे धागे बनतात आणि धाग्यांचं पुन्हा एक जाळं होतं. आसपासच्या पेशी त्यात शिरतात, नव्या रक्तवाहिन्या वाढू लागतात. पेशी हळूहळू हे उसनं जाळं खाऊन टाकतात आणि आपलं स्वतःचं विणतात. म्हणून कोड्यात 'बेपत्ता' म्हटलं!

माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल २०१९ साली आला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५ जणांना प्रत्येकी जास्तीत जास्त १८ ठिकाणी हे टोचलं होतं. अपाय होतो का, हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्न होता, आणि उत्तर दिलासा देणारं निघालं. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, तेही मोजलं. ते पहिल्यापेक्षा वाढलं. पण घाईनं टाळ्या वाजवू नका. तुलनेसाठी औषध न दिलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे हा औषधाचाच गुण की आणखी कशाचा, हे १५ जणांवरून ठरत नाही.

अशा पाणी धरून ठेवणाऱ्या थुलथुलीत पदार्थांना हायड्रोजेल म्हणतात. शरीराला चालतील अशा हायड्रोजेलची सुरुवात प्रागमध्ये झाली, आणि त्यांच्या गोष्टीत एक खेळणंही आहे. १९६१ च्या नाताळात ओटो विख्टरले या चेक रसायनतज्ज्ञानं घरीच एक यंत्र जुळवलं. त्यात होते मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे, मुलाच्या सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर गरगर फिरवून त्यानं हायड्रोजेलची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवली. मुलानं डायनॅमो परत मागितला असेल का, याची मला फार उत्सुकता आहे.

क्रिस्टमन यांची पुढची गंमत २०२२ मधली. त्यांच्या गटानं तेच द्रावण यंत्रात गरगर फिरवलं, जाड कण वेगळे काढले आणि अगदी सूक्ष्म तेवढे ठेवले. आता हृदयात सुई नेण्याची गरज नाही. रक्तात सोडलं तरी चालतं. हार्ट अटॅकनंतर तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात फटी पडतात. त्या फटींतून औषध पलीकडे स्नायूत झिरपेल, असा त्यांचा होरा होता. झालं भलतंच. औषध फटींपाशीच अस्तराच्या पेशींना चिकटलं आणि फटी बुजून गेल्या! त्यानं सूजही कमी झाली. हे प्रयोग उंदीर आणि डुकरांवरचे आहेत.

हृदय सोडून पाठीच्या कण्याकडे वळू. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टुप यांच्या गटानं डुकराऐवजी प्रयोगशाळेतच रेणू घडवले. द्रावण टोचलं की त्यांचे केसापेक्षा हजारो पटींनी बारीक धागे जुळतात. मेरुरज्जूला जबर इजा झालेल्या उंदरांना याचं एकच इंजेक्शन दिलं, आणि चार आठवड्यांत ते पुन्हा चालू लागले! २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. खरी मजा पुढे आहे. ज्या धाग्यांतले रेणू जास्त वळवळत होते, त्यांचा गुण जास्त आला. पेशींवरचे निरोप घेणारे रेणूही सतत हलत असतात. त्यांना गाठायचं तर निरोप्यानंही, म्हणजे धाग्यातल्या रेणूनंही, हलतं असावं लागतं. म्हणून या रेणूंना 'नाचरे रेणू' असं नाव पडलं.

आणि हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर आपल्याच घरात चौकशी करा. गुडघे दुखतात म्हणून तुमच्या आजी-आजोबांनी कधी गुडघ्यात 'जेलचं इंजेक्शन' घेतलंय का? त्यात बहुतेक हायलुरोनिक ॲसिड असतं. ते झिजलेला गुडघा पुन्हा बांधत नाही, सांध्याला नुसतं वंगण देतं. आणि त्याचा किती उपयोग होतो यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना ते पहिल्यांदा सापडलं गायीच्या डोळ्यात. पुढे ते भरपूर मिळायला लागलं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून. हल्ली जिवाणूंकडूनही बनवून घेतात, पण तुऱ्याचंही मिळतंच. आता आजी पक्की शाकाहारी असेल, तर हे तिला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं नाव मात्र सांगू नका.