पेन्सिल आणि शाई यांच्यामधले पंधरा दिवस

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात वडील वारले. थोरल्या मुलाने वारसाची नोंद धरायला अर्ज दिला आणि बारामतीला नांदणाऱ्या बहिणीचं नाव त्यात घातलंच नाही. लागली का नोंद सातबाऱ्यावर?

लगेच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 150 आडवं येतं. तलाठ्याने फेरफार लिहायचा, प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना नोटीस काढायची. हरकतीला पंधरा दिवस. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर तोवर नोंद पेन्सिलीत राहायची, मंजूर झाली की शाईत यायची. आता ऑनलाईन उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते.

खरं नवल पुढे आहे. बहिणीने हरकत तोंडी सांगितली तरी चालते! तलाठ्याने ती तक्रारींच्या नोंदवहीत लिहायची आणि तिच्या हातात तिथल्या तिथे लेखी पोच द्यायची. अक्षरओळख नसलेल्या बाईचा शब्दसुद्धा असा सरकार दप्तरी चढतो. शिवाय नोंद लिहितो तलाठी, मंजूर करतो वरचा अधिकारी; वाद नसेल तर मंडळ अधिकारी. आणि संबंधितांना नोटीस बजावल्याशिवाय त्यालाही मंजुरी देता येत नाही. निर्णय पटला नाही, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील.

ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याचं आधी ऐका, आणि आपल्याच कामाचा निवाडा आपण करू नका. कायद्यात याला नैसर्गिक न्याय म्हणतात. मनेका गांधींचा पासपोर्ट त्यांचं न ऐकता जप्त झाला, त्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने यातलं ऐकून घेण्याचं तत्त्व उचलून धरलं. दिल्लीचा पासपोर्ट आणि इंदापूरचा फेरफार, दोन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व!

नीट चौकशी न करता ठरवलं की काय होतं, हेही इंदापूरने भोगलं आहे. 1830 च्या सुमारास प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याची शेतसाऱ्याची आकारणी इथे लागू झाली. मोजणीचे कागद खोटे निघाले, सारा झेपेना, शेतकरी गावं सोडून शेजारच्या संस्थानी मुलुखात गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नव्याने पाहणी केली. मातीची खोली हातात मोजली, प्रत आण्यांत ठरवली आणि 1836 पासून तीस वर्षांसाठी दर बांधून दिला. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची पद्धत या तालुक्यातून पुढे गेली.

तेव्हा निदान मातीची खरी चौकशी झाली. कलम 150 माणसाची करतं. पुढच्या वेळी उतारा काढाल तेव्हा ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ वाचा. तिथे एखादा क्रमांक दिसला, तर तुमचं ऐकून घ्यायला अजून कोणीतरी बांधील आहे.