नदीच्या दोन पातळ्या आणि एक उभा पंप

पावसाळा लागला की कोल्हापूरकर एकमेकांना एकच आकडा विचारत असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदी ५५ फुटांच्याही पुढे गेली होती. हीच बाई एप्रिल-मेमध्ये पात्राच्या तळाशी जाऊन बसते. या दोन पातळ्यांमध्ये तीन मजली घर सहज मावावं. शहरातल्या माणसाला हा फरक वर्षातून पंधरा दिवस आठवतो. नदीकाठी पंप बसवणाऱ्याला मात्र तो बारा महिने छळतो, कारण त्याला चैत्रातही पाणी उचलायचं असतं आणि श्रावणातही मोटर कोरडी ठेवायची असते. या एका अटीतून जे यंत्र इथल्या नदीकाठी रुजलं, ते म्हणजे उभा पंप. कागदोपत्री व्हर्टिकल टर्बाइन पंप, पंपवाल्यांच्या तोंडी नुसता 'व्हीटी'.

साधा, आडवा सेंट्रिफ्युगल पंप का चालत नाही? पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी ओढलं जात नाही. पंप पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर पाणी उभं धरू शकतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे त्याहूनही थोडं कमी. फूटव्हॉल्व्ह, पाइपाचं घर्षण, एखाद्या जॉइंटमधून घुसणारी हवा धरली तर सहा-सात मीटरच्या वर भरवसा ठेवू नये. म्हणजे आडवा पंप पाण्यापासून वीसेक फुटांच्या आत हवा, आणि वीस फुटांवरचा पंप पहिल्याच मोठ्या पुरात पाण्याखाली. म्हणून जूनमध्ये नदीकाठच्या शेतकऱ्यांची मोटारी वर काढायची धांदल उडते. पाच-दहा एचपीची मोटर चार माणसं, दोर आणि एक ट्रॅक्टर मिळून वर आणता येते. शंभर एचपीची येत नाही.

व्हीटी पंपाने यावर काढलेली तोड सरळ आहे. मोटर वर, पंप खाली. नदीकाठी किंवा पात्रातच एक खोल गोल विहीर बांधतात, तिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी पाइपांतून किंवा चरातून तिच्यात येतं. विहिरीच्या माथ्यावर, पूररेषेच्या वर, मोटर उभी ठेवलेली. तिच्यापासून एक लांब शाफ्ट पाइपाच्या पोटातून खाली उतरतो. दहा-दहा फुटांचे तुकडे कपलिंगने जोडत तो तळापर्यंत नेतात आणि मध्ये मध्ये रबरी बेअरिंगने सावरतात. अगदी खाली, पाण्यात बुडालेले, एकावर एक रचलेले ओतीव बोल असतात आणि प्रत्येकात एक फिरतं चाक, म्हणजे इंपेलर. पहिलं चाक पाणी दुसऱ्याच्या तोंडात ढकलतं, दुसरं तिसऱ्याच्या. पाणी तेवढंच राहतं, प्रत्येक बोलला दाब वाढत जातो. जास्त उंच चढवायचं असेल तर बोल वाढवायचे आणि मोटर तेवढ्या ताकदीची घ्यायची. यात ओढण्याची भानगडच उरत नाही, कारण पंप मुळात पाण्यात बुडालेला आहे.

हीच रचना संगणकावरच्या एका खेळात खेळाडू हाताने बांधतात. ड्वॉर्फ फोर्ट्रेस त्याचं नाव. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी तो २००६ मध्ये लोकांसमोर आणला, २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहासाठी निवडला आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची चित्रांनी सजवलेली विक्रीची आवृत्ती आली. डोंगर पोखरून बुटक्यांची गढी वसवायची, एवढाच खेळ. पण पाणी मजल्यांच्या हिशेबाने वागतं आणि एक स्क्रू-पंप ते एकच मजला चढवतो. म्हणून पंपावर पंप रचायचे. खालच्याने भिंतींनी बंदिस्त केलेल्या कोठडीत पाणी टाकायचं आणि वरच्याने उलट्या दिशेला तोंड करून ते तिथून उचलायचं. पाणी नागमोडी वर जातं. प्रत्येक पंपाला शक्तीचे दहा एकक लागतात. वरच्या पंपाखाली भोक मोकळं ठेवलं की शक्ती पंपातून पंपात आपोआप उतरते, वेगळा शाफ्ट नको. व्हीटी पंपाचे बोल उघडून मोठे केले तर जवळपास हेच चित्र दिसेल.

गढीत पाण्याची एवढी चिंता का, हे पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला सांगावं लागू नये. तिथली अंधारबाव तीन मजली आहे. तळाला पाणी, मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायला चोरवाट. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडून होता. वेढ्यात पाणी तटाच्या आत असावं लागतं, नाहीतर तट कशासाठी?

टप्प्याने पाणी चढवणं खेळाच्या कितीतरी आधीचं आहे. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणीत रोमनांनी लाकडी चाकांच्या आठ जोड्या एकावर एक बसवून पाणी सुमारे ३० मीटर वर आणलं होतं. १५५६ मध्ये छापलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरील लॅटिन ग्रंथात तर हुबेहूब पंपांची चळत आहे: खालचा पंप टाकीत पाणी ओततो, त्या टाकीतून वरचा उचलतो आणि सगळ्यांना हलवतं एकच पाणचक्र. एका पंपाने काम का भागत नाही, याचं उत्तर त्या खाणकामगारांकडे नव्हतं. ते हवेच्या दाबात आहे हे टॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास दाखवलं. आपल्याकडे मोटेने हा प्रश्नच येऊ दिला नाही. चामड्याची मोट पाण्यात बुडायची, बैल धावेवरून उतरायचे आणि थारोळ्यात पाणी पडायचं. ओढणारा वर, उचलणारी वस्तू खाली. तत्त्वाने मोट ही व्हीटीची आजीच.

कोल्हापुरात मात्र एक जास्तीचा टप्पा आहे, तो नदीतच. भोगावतीवरचं राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. त्याचं पाणी कालव्यांऐवजी मुख्यतः नदीतूनच खाली येतं आणि ठिकठिकाणचे बंधारे ते अडवतात. देशभर ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. दगडी खांब, त्यांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत फळ्यांच्या दोन रांगा घालायच्या आणि मध्ये माती ठासायची. या फळ्या म्हणजे बरगे. पावसाआधी ते काढले की पूर बिनबोभाट निघून जातो. बरगे घातलेली नदी म्हणजे पाण्याच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर कुणाची तरी जॅकवेल. या जिल्ह्याचा ऊस पाटाच्या पाण्यापेक्षा उपशावर जास्त उभा आहे असं म्हटलं तर इथे कुणी हुज्जत घालणार नाही. सहकारी पाणीपुरवठा संस्था नदीतून पाणी उचलते, पाइपाने माळावरच्या टाकीत नेते आणि पाटकरी ते पाळीप्रमाणे शेतात सोडतो. माळ उंच असेल तर टाकीपाशी दुसरा पंप, दुसरा टप्पा.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला ७५ लिटर पाणी एक मीटर चढवायला एक एचपी. तेच ४० मीटर चढवायचं तर ४० एचपी. पंप-मोटरची गळती धरली की साठच्या घरात. पन्हाळा पायथ्यापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, तिथवरचा आकडा ज्याचा त्याने काढावा.

खेळात आणि नदीकाठी खरा फरक पडतो तो लाइट गेल्यावर. खेळात पंप थांबतो आणि पाणी असेल तिथे बसतं. इथे चढत्या पाइपातला सगळा स्तंभ उलटा खाली येतो. नॉनरिटर्न व्हॉल्व्ह वेळेवर मिटला नाही तर पाइपात हातोडा बसल्यासारखा धक्का येतो आणि एखादा जॉइंट उडतो. त्याहून वाईट म्हणजे परतणारं पाणी इंपेलर उलटे फिरवतं. शाफ्टची आट्यांची कपलिंगं चालत्या दिशेने घट्ट होतात, म्हणजेच उलट्या दिशेने सुटतात. म्हणून मोटरच्या डोक्यात रॅचेट असतो, उलटं फिरू न देणारा. एवढासा भाग, पण तो झिजला तर शाफ्ट विहिरीच्या पोटात सुटा होतो.

२०१९ च्या पुरात पाणी मोटरच्याही वर गेलं. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही शहराची उपसा केंद्रं बंद पडली. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, असे दिवस शहराने काढले. २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं. तिथेही सुरुवात जॅकवेलनेच होते, कारण भरलेलं धरण आणि मे महिन्यातलं धरण यांतही तोच जुना फरक आहे.

खेळाडूंनी एक पळवाट शोधली आहे. पंपाने पाणी वर टाकायचं, ते पडताना पाणचक्र फिरवायचं आणि त्या शक्तीवर तोच पंप चालवायचा. चक्र शंभर एकक देतं, दहा स्वतः खातं, पंप दहा घेतो. ऐंशी फुकट! पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत हा आराखडा मांडला तर वीजबिलाचा विषय कायमचा मिटेल आणि मांडणाऱ्याला चेअरमन करतील. तोवर नदीचा गाळ बेअरिंग खातो आणि पंप चेन-पुलीला टांगून दहा-दहा फुटांनी बाहेर काढावा लागतो. झिजलेला शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर चढतो आणि तो परत येईपर्यंत पाळी पुढे ढकलली जाते.