औषध मोफत मिळाले, सातबाऱ्याचे काय?

एड्स हा शब्द आला की चर्चा रोगाची होते, रोग्याच्या चारित्र्याची होते. त्याच्या मागे राहिलेल्या बायको-पोरांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या मते एड्सने काय नेले, हे पाहायचे असेल तर दवाखान्याच्या केसपेपरबरोबर तलाठ्याचे दप्तरही उघडावे लागेल.

भारतात १९८६ साली चेन्नईत पहिले एचआयव्हीबाधित आढळले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. आज नियमित गोळी घेणारा माणूस वर्षानुवर्षे कष्ट करून जगतो. तपासणीत सापडणार नाही इतका विषाणू रक्तात कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून त्याच्यापासून लागणही होत नाही. वैद्यकशास्त्राने आपले काम बरेचसे केले. समाजाने काय केले?

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा नागपूर-अमरावती महामार्गावरचा तालुका. कापूस, संत्रा आणि रोजमजुरी यांवर इथल्या गोरगरिबांच्या चुली पेटतात. अशा घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की आधी रोजी बुडते. लपवाछपवीत खाजगी दवाखान्याची बिले वाढतात. बाईच्या अंगावरचे किडूकमिडूक मोडते, बैलजोडी जाते, मग सावकाराचा उंबरठा. थोरली मुलगी शाळा सोडून कापूस वेचायला जाते. गोळी फुकट असली तरी वर्ध्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

नवरा गेला की खरा प्रश्न सुरू होतो. बहुतेक वेळा रोग त्याच्याकडून तिला आलेला असतो. पण 'हिनेच आमच्या पोराला खाल्लं' हा आरोप तिच्याच माथी येतो. तेराव्याच्या आत तिचे ताट-पेला वेगळे होतात आणि महिनाभरात तिला माहेरचा रस्ता दाखवला जातो. ही एखाद्या गावापुरती गोष्ट नाही. महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ७९ टक्के एचआयव्हीबाधित विधवांना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाकारला गेल्याचे आढळले. दहापैकी नऊ जणींचे सासरी राहणेच संपले होते. रोगाच्या नावाखाली ही चक्क मालमत्तेची लूट आहे!

आणि ही लूट कायद्याच्या विरोधात आहे. हिंदू कोड बिलाची अडवणूक झाली म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले. त्या लढ्यातूनच पुढे आलेला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवा ही मुले आणि सासू यांच्या बरोबरीची पहिल्या वर्गाची वारस. ती असताना दिराला काडीचा हक्क नाही. जमीन सासऱ्याच्या नावे असेल तर सासऱ्याच्या पश्चात मयत मुलाची विधवा म्हणूनही ती वारस ठरते. या कायद्याचे कलम २८ तर स्पष्ट सांगते, कोणत्याही रोगाच्या कारणावरून वारसाहक्क हिरावता येत नाही.

त्यात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याची भर पडली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. अनाथ झालेल्या मुलांच्या मालमत्तेचे रक्षण ही सरकारची जबाबदारी ठरली आहे. न्यायालयात नाव उघड होईल ही भीतीही नको. नाव गुप्त ठेवण्याचा अर्ज करता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच एका रोजंदारी कामगाराला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

मग अडते कुठे? कागदावर अडते. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते, ती दीर देतो आणि तिचे नाव गाळतो. घराच्या नमुना ८ वर परस्पर दुसऱ्याचे नाव चढते. दुःखात असलेल्या बाईचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. म्हणून आमचे सांगणे आहे: समजल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. वारस नोंद स्वतः करा. फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत हरकत घ्या. वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या कोणत्याही व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तहसीलमध्ये सोबतच द्या.

पण कायदा दारापर्यंत नेणार कोण? वेगळे ताट, वेगळे पाणी, शिवू नको, हे शब्द आपल्या पिढ्यांनी भोगले आहेत. तेच शब्द आपल्याच वस्तीतल्या आजारी बाईला ऐकवले जात असतील तर आपण जयंतीला कोणत्या तोंडाने समतेच्या घोषणा देणार? सर्वांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली होती. महिला मंडळांनी आणि विहार समित्यांनी तिच्यासोबत तलाठी कार्यालयाची पायरी चढावी, तिचे नाव मात्र चारचौघांत उच्चारू नये. पुरुषांनी आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. गोळी सरकार देते. सातबाऱ्यावर तिचे नाव मात्र आपल्यालाच उभे राहून चढवून घ्यावे लागेल.